चित्रकारावरचं पुस्तक कसं निवडावं? कलेतिहास नव्याने शिकणाऱ्यांसाठी

कलेतिहास शिकायला सुरुवात केली तेव्हा मी कॉमर्सची पदवी घेऊन नोकरी करत होते. वर्ग शनिवारी आणि रविवारी असत. पहिल्या निबंधाचा विषय होता राजा रवि वर्मा. घरात रणजित देसाईंची 'राजा रवि वर्मा' ही कादंबरी होती. शाळेत असताना ती मी दोनदा वाचली होती. तिच्यातले दोन प्रसंग आणि एक संवाद मी निबंधात पुरावा म्हणून घातले. बाईंनी त्या ओळींखाली रेघ मारली आणि समासात एवढंच लिहिलं: 'हे कोण म्हणतंय?'

मला उत्तर देता आलं नाही. कादंबरी सुंदर होती, पण मला हवा होता इतिहास, आणि दोन्हींत फरक करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत मी चुकीची पुस्तकं विकत घेतली, बरोबर पुस्तकं चुकीच्या कामाला वापरली आणि एकदा तर जवळजवळ अर्धा पगार एका जाड, चकचकीत ग्रंथावर घालवला. त्यात एकाही चित्राखाली माप दिलेलं नव्हतं. तो खर्च आणि ती दोन वर्षं तुमची वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. बीएफए किंवा जी. डी. आर्टचे विद्यार्थी, नेटची तयारी करणारे, किंवा नोकरी सांभाळून आवडीने शिकणारे, सगळ्यांना यातलं बहुतेक लागू पडेल.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- एक वही. तिची पानं मधोमध दुमडा. डावीकडे पुस्तक काय म्हणतं ते लिहायचं, उजवीकडे ते कशाच्या आधारावर म्हणतं ते.
- शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, सेंटिमीटरची. ती कशाला, हे पाचव्या पायरीत सांगते.
- पेन्सिल. जुनी पुस्तकं हाताळायला देणाऱ्या ग्रंथालयांत पेन बाहेर ठेवायला सांगतात.
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांच्या झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो आणि अनामत रकमेपुरते पैसे.
- कॉलेजात असाल तर विभागप्रमुखांच्या सहीचं, लेटरहेडवरचं एक पत्र: 'सदर विद्यार्थी अमुक विषयावर अभ्यास करत आहे.' बाहेरच्या संस्थेच्या ग्रंथालयात बसून वाचायची परवानगी मागताना हे पत्र फार उपयोगी पडतं.

1. आधी प्रश्न लिहा, पुस्तक नंतर

'मला व्हॅन गॉगवर काहीतरी वाचायचंय' असं म्हणून दुकानात गेलात तर समोर जे चांगलं मांडून ठेवलेलं असेल ते घेऊन याल. त्याऐवजी एक वाक्य लिहा. 'रवि वर्म्यांची छापील चित्रं कोण काढत होतं?' 'अमृता शेरगिल यांच्या कामात अजिंठा कधी आला?' 'गायतोंडे रंग कसा लावत?' पहिल्या प्रश्नाला छापखान्याचा इतिहास लागेल, दुसऱ्याला तारखा असलेली पत्रं, तिसऱ्याला चित्रं जवळून पाहिलेल्या माणसाचं लेखन. तिन्ही कामं करणारं एकच पुस्तक मला अजून मिळालेलं नाही.

2. पुस्तकाची जात ओळखा

ग्रंथालयाच्या कपाटात ही सगळी पुस्तकं शेजारीशेजारी बसलेली असतात आणि पाठीवर सगळ्यांच्या चित्रकाराचंच नाव असतं. म्हणून नवख्या माणसाला ती सारखीच वाटतात.

*चरित्रात्मक कादंबरी.* रणजित देसाईंची कादंबरी या गटातली. व्हॅन गॉगवरची आयर्विंग स्टोन यांची 1934 ची कादंबरी माधुरी पुरंदरे यांच्या अनुवादातून मराठीत पोहोचली. आपल्याकडे कित्येकांची पाश्चात्त्य चित्रकलेशी पहिली ओळख तिच्यामुळेच झाली असेल. या कादंबऱ्या जरूर वाचा. चित्रकार माणूस म्हणून जवळचा वाटू लागतो, आणि त्या ओढीशिवाय पुढची रुक्ष पुस्तकं वाचवत नाहीत. पण संवाद लेखकाने रचलेले असतात, आणि कादंबरीत ते गैर नाही. निबंधात मात्र त्यातलं वाक्य चित्रकाराच्या तोंडचं म्हणून देऊ नका.

*चरित्र.* जीवनक्रम, माणसं, पैसा, प्रवास. चांगल्या चरित्राला शेवटी टिपा असतात. चित्रांबद्दल ते बऱ्याचदा कमी बोलतं.

*मोनोग्राफ.* एकाच चित्रकाराच्या कामावरचा अभ्यास. ललित कला अकादमीने (स्थापना 1954) आधुनिक भारतीय चित्रकारांवर छोट्या मोनोग्राफांची मालिका काढली. पुस्तिका पातळ, चित्रं थोडी, त्यातली काही कृष्णधवल. तरी सुरुवातीला त्या मला फार उपयोगी पडल्या, कारण लेखकाला थोडक्यात मुद्द्यावर यावं लागतं. जुन्या बाजारात दिसल्या तर सोडू नका.

*प्रदर्शनाचा कॅटलॉग.* नावावरून किमतींची यादी वाटते. मोठ्या संग्रहालयाचा कॅटलॉग म्हणजे तीन-चार अभ्यासकांचे लेख, प्रत्येक चित्राची नोंद आणि बहुधा त्या वेळचं सगळ्यात ताजं संशोधन. वासुदेव गायतोंडे यांचं मोठं सिंहावलोकन प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात 2014 मध्ये संधिनी पोद्दार यांनी रचलं, तेव्हा त्याचाही असा कॅटलॉग निघाला. एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रदर्शनात जी चित्रं येऊ शकली त्यांच्यावरच कॅटलॉगचा भर असतो. मालकाने जे चित्र दिलं नाही ते पुस्तकातही मागे पडतं.

*कॅटलॉग रेझोने.* हा फ्रेंच शब्द तुम्हाला वारंवार भेटेल. चित्रकाराच्या सगळ्या ज्ञात कृतींची क्रमवार सूची: शीर्षक, साल, माध्यम, माप, आज कुठे आहे, आधी कुणाकुणाकडे होती, कुठे प्रदर्शित झाली, कुठे छापली गेली. व्हॅन गॉगच्या चित्रांना लागलेला 'एफ' क्रमांक दे ला फाय यांच्या 1928 च्या सूचीतून आला. भारतीय चित्रकारांच्या अशा सूची अजून फार थोड्या आहेत. सय्यद हैदर रझा यांच्या सूचीचा पहिला खंड 2016 मध्ये आला आणि त्यात फक्त 1958 ते 1971 ही वर्षं आहेत. असे ग्रंथ महाग असतात आणि सलग वाचायचे नसतात. ते घरी नसले तरी चालतील. कुठल्या ग्रंथालयात आहेत एवढं माहीत हवं.

*चित्रकाराचं स्वतःचं लेखन.* पत्रं, रोजनिशी, आत्मचरित्र. मराठी वाचकाचं इथे भाग्य आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' (1940) हे 1890 ते 1931 या काळातल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आतून दिसलेलं चित्र आहे, आणि ते मुळातच मराठीत आहे. प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' याहून अगदी वेगळं: आठवणी कमी, चित्र मनात कसं घडतं याचा विचार जास्त. दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात असतील, पण धुरंधर संस्थेच्या इतिहासासाठी वाचायचे आणि बरवे चित्रप्रक्रियेसाठी.

*चित्रसंग्रह, म्हणजेच कॉफी टेबल बुक.* मोठी पानं, थोडा मजकूर. डोळ्यांना सवय व्हावी म्हणून उत्तम. संदर्भ म्हणून क्वचितच.

3. पहिले दोन दिवस कोशाला द्या

ही पायरी मी टाळली होती आणि पस्तावले. महाराष्ट्रातल्या चित्रकारावर काम असेल तर सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड आधी उघडा. मराठी विश्वकोशातल्या नोंदी महाजालावर फुकट वाचता येतात. जन्म, मृत्यू, शिक्षण, महत्त्वाची कामं आणि प्रदर्शनं एका पानावर उतरवून घ्या. हे पान हातात असलं की पुढच्या प्रत्येक पुस्तकात काय नवं आहे आणि काय जुळत नाही हे लगेच दिसतं.

4. प्रकाशनाचा तपशील असलेलं पान वाचा

मुखपृष्ठानंतरचं बारीक अक्षरांचं पान. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांतला फरक तिथेच कळतो. '2019' असं ठळक छापलेलं पुस्तक 1968 च्या मजकुराचं नुसतं पुनर्मुद्रण असू शकतं. प्रस्तावना नवी, आतला मजकूर पन्नास वर्षांपूर्वीचा. पहिल्या प्रकाशनाचं साल शोधा आणि वहीत तेच लिहा.

साल एवढं महत्त्वाचं का, हे मला डच चित्रकार व्हरमीर (1632–1675) याच्यामुळे कळलं. फ्रेंच समीक्षक थोरे-बर्गर यांनी 1866 मध्ये त्याच्या चित्रांची यादी केली. तोवर विस्मृतीत गेलेला हा चित्रकार जगापुढे आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण त्या यादीत सत्तरहून अधिक चित्रं होती. आज अभ्यासक 34 ते 37 चित्रं त्याची मानतात. बाकीची इतर चित्रकारांची निघाली.

पुढे 1937 मध्ये अब्राहम ब्रेडियस या नावाजलेल्या जाणकाराने नव्याने 'सापडलेलं' एक चित्र, बायबलमधल्या एमाउस इथल्या भोजनाच्या प्रसंगाचं, व्हरमीरची श्रेष्ठ कृती म्हणून जाहीर केलं. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात ते मानाने लागलं. 1945 मध्ये हान व्हान मेगेरेन या चित्रकाराने कबूल केलं की ते आपणच रंगवलं होतं. आता कल्पना करा, 1940 च्या सुमाराचं, चांगल्या कागदावर छापलेलं व्हरमीरवरचं पुस्तक तुम्हाला जुन्या बाजारात स्वस्तात मिळालंय. लेखक प्रामाणिक, छपाई देखणी, आणि त्यात ते बनावट चित्र अस्सल म्हणून छापलेलं.

हे फक्त जुन्या काळातच होतं असं नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्याच संग्रहातलं 'बासरी घेतलेली मुलगी' हे चित्र व्हरमीरचं नसल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांत, 2023 च्या मोठ्या प्रदर्शनात, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने तेच चित्र व्हरमीरचं म्हणून लावलं. एकाच वेळी दोन मोठी संग्रहालयं, दोन मतं. म्हणून 'व्हरमीरची चित्रं किती?' याचं उत्तर लिहिताना आकड्याबरोबर कुणाचा आकडा आणि कोणत्या सालचा, हेही लिहायचं.

जुनी पुस्तकं टाकाऊ आहेत असा याचा अर्थ लावू नका. चित्रं हलवली जाण्याआधी, रंग साफ करण्याआधी ती कशी दिसत होती, त्या काळी लोक त्यांच्याबद्दल काय बोलत होते, हे जुन्या पुस्तकातच सापडतं.

5. चित्रं तपासा: माप, माध्यम, मालक

पुस्तक कुठेही उघडा आणि एका चित्राखालची ओळ वाचा. शीर्षक, साल, माध्यम, माप, आज कुठे आहे, या पाच गोष्टी हव्यात. त्या प्रत्येक चित्राखाली नसल्या तरी मागे यादीत असल्याच पाहिजेत. पाचांतल्या दोनच असतील तर ते पुस्तक अभ्यासासाठी विकत घेऊ नका.

आता मोजपट्टी काढा. व्हरमीरचं 'लेस विणणारी' हे लूव्र संग्रहालयातलं चित्र साधारण 24 बाय 21 सेंटिमीटर आहे, म्हणजे झेरॉक्सच्या ए-फोर कागदापेक्षा लहान. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' पावणेचार मीटरहून उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. पुस्तकात दोन्ही एकेका पानावर बसतात आणि आपल्याला नकळत सारखी वाटू लागतात. मी प्रत्येक महत्त्वाच्या चित्राचं माप घरातल्या भिंतीवर मास्किंग टेपने आखते. ज्या दिवशी 'लेस विणणारी' आखलं त्या दिवशी कळलं, हे चित्र हातात धरून, वहीसारखं जवळ घेऊन बघायचं आहे. त्यातली लाल-पांढऱ्या धाग्यांची ओघळती धार इतक्या लहान जागेत आहे! असल्या गोष्टी मजकूर वाचून कळत नाहीत.

रंगांसाठी एकच चित्र दोन-तीन पुस्तकांत उघडून पांढरा रंग आणि त्वचेचा रंग पाहा. एका पुस्तकात त्वचा गुलाबी, दुसऱ्यात पिवळी दिसली तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचं छायाचित्र काढून ताडून बघा. राइक्सम्युझियमसारखी संग्रहालयं मोठ्या आकाराची छायाचित्रं फुकट देतात. पडद्यावरचा रंगही पूर्ण खरा नसतो, पण फार बिघडलेली छपाई ओळखायला तेवढं पुरतं.

माध्यमाच्या बाबतीत सगळ्यात मोठा सापळा आपल्या घरचाच आहे. राजा रवि वर्मा (1848–1906) यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी गेली. या छापखान्यातून निघालेली मुद्रित चित्रं, ज्यांना ओलिओग्राफ म्हणतात, ती आपल्या आज्यांच्या देवघरात आणि ओटीवर लागलेली होती. दगडावर चित्र उतरवणारे कारागीर वेगळे होते, रंग छपाईच्या सोयीने बदलत, आणि मालकी बदलल्यावरही छपाई चालूच राहिली. दुसऱ्या छापखान्यांनी त्याच धर्तीची चित्रं काढली ती वेगळीच. तरी कित्येक पुस्तकांत असं छापील चित्र खाली नुसतं 'राजा रवि वर्मा' असं लिहून दिलेलं असतं. तैलचित्र की ओलिओग्राफ, हे जे पुस्तक सांगत नाही ते रवि वर्म्यांच्या अभ्यासासाठी बाजूला ठेवा, मग ते कितीही देखणं असो. आज मी त्यांच्याबद्दल कुणालाही एकच पुस्तक सुचवायचं झालं तर रूपिका चावला यांचं 2010 चं सुचवते. त्या चित्रसंवर्धक आहेत, आणि चित्राच्या पृष्ठभागाला हात लावून काम केलेल्या माणसाचं लिहिणं वेगळंच असतं.

6. लेखक चित्रकाराचा कोण लागतो?

मित्र, मुलगा, पुतण्या, शिष्य, विक्रेता, प्रतिस्पर्धी, की पन्नास वर्षांनी आलेला परका अभ्यासक? यातलं कुणीच आपोआप विश्वासू किंवा अविश्वासू नसतं. पण नातं माहीत हवं.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं आणि ते खरोखर बोलकं आहे. त्याच्या सुरुवातीच्या चरित्रकारांपैकी एक जोव्हान्नी बाल्योने. याच बाल्योनेने 1603 मध्ये रोममध्ये काराव्हाज्जोवर बदनामीचा खटला भरला होता. त्याने लिहिलेलं चरित्र 1642 मध्ये छापून आलं. ते आजही वाचावं लागतं, कारण लेखकाने चित्रकाराला प्रत्यक्ष पाहिलं होतं. फक्त खटल्याची गोष्ट माहीत असताना वाचावं लागतं.

अमृता शेरगिल (1913–1941) यांच्याबाबत तीन पुस्तकांचा एक संच मी सगळ्या नवशिक्यांना सांगते, कारण 'कोण म्हणतंय' याचा तो उत्तम धडा आहे. पहिलं कार्ल खंडालावाला यांचं, मुंबईहून 1944 मध्ये निघालेलं. ते अमृताचे स्नेही, त्यांच्याशी तिचा पत्रव्यवहार होता. तिच्या मृत्यूला तीनच वर्षं झालेली, जखम ताजी, आणि तिचं स्थान अजून ठरायचं होतं. दुसरं यशोधरा डालमिया यांचं 2006 चं चरित्र. काळाचं अंतर पडलेलं. तिसरं, अमृताची पत्रं आणि लेखन यांचे दोन खंड, 2010 मध्ये आलेले, संपादक विवान सुंदरम. ते स्वतः चित्रकार आणि अमृताच्या बहिणीचे चिरंजीव.

आता पहिल्या पायरीतला प्रश्न घ्या: अजिंठा कधी आला? सर्वसाधारण पुस्तकं सांगतात की 1936 च्या अखेरीला तिने अजिंठा पाहिला, पुढे ती दक्षिणेत फिरली आणि 1937 मध्ये 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' वगैरे चित्रं आली. हे बरोबरच आहे. पण पत्रं उघडली की 1934 सालचं एक पत्र भेटतं. युरोपातून आईवडिलांना लिहिलेल्या त्या पत्रात ती म्हणते की अजिंठ्याचं एक भित्तिचित्र अख्ख्या रेनेसाँसपेक्षा मोलाचं आहे, आणि युरोपात आलो नसतो तर हे आपल्याला कदाचित उमगलंही नसतं. म्हणजे लेणी प्रत्यक्ष पाहण्याच्या दोन वर्षं आधीच अजिंठा तिच्या मनात होता, आणि तिथवरची वाट पॅरिसवरून गेली होती! मला हे कळलं त्या दिवशी मी ग्रंथालयातून निघून बसस्टॉपवर कितीतरी वेळ उभी होते. सगळा निबंध बदलावा लागणार होता आणि मला त्याचा आनंद होत होता.

कलादालनाने किंवा कुटुंबाने काढलेल्या पुस्तकांबद्दल एक सूचना. छायाचित्रं, पत्रं, जुनी कात्रणं त्यांच्याकडेच असतात, त्यामुळे ही पुस्तकं टाळून चालत नाही. पण फसलेली चित्रं, वाद, पैशाचे व्यवहार यांबद्दल ती गप्प असू शकतात. ज्याबद्दल पुस्तक बोलत नाही त्याचीही वहीच्या उजव्या बाजूला नोंद करा.

7. मागून पुढे चाळा

दुकानात दहा मिनिटंच असतील तर मजकुराआधी शेवटची पानं बघा. टिपा आहेत? संदर्भसूची आहे? नावांची सूची आहे? संदर्भसूचीत फक्त इंग्रजी पुस्तकं असतील आणि चित्रकार मुंबईचा किंवा कोल्हापूरचा असेल, तर लेखकाने मराठी मासिकं, दिवाळी अंक, आत्मचरित्रं पाहिलेली नाहीत असं समजा. ही उणीव बरीच मोठी असते. आणि तिथेच तुम्हाला, मराठी वाचू शकणाऱ्याला, काम करायला जागा असते. गायतोंड्यांचंच बघा. सतीश नाईक यांच्या 'गायतोंडे' या मराठी ग्रंथात त्यांना ओळखणाऱ्यांच्या आठवणी आहेत, मीरा मिनेझिस यांचं इंग्रजी पुस्तकही त्याच वर्षी, 2016 मध्ये आलं, आणि आधीचा गुगेनहाइमचा कॅटलॉग आहेच. एका भाषेवर विसंबणाऱ्याला अर्धाच माणूस भेटतो.

8. कुठे शोधायची, आणि कुठे फसायला होतं

विकत घेण्याआधी ग्रंथालय. मुंबईत एशियाटिक सोसायटी, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांची ग्रंथालयं, बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा. प्रत्येकाचे नियम वेगळे आणि बदलते. वेळ, सुट्टी, बाहेरच्याला बसून वाचता येतं का, फोनने पानाचा फोटो काढू देतात का, हे आधी फोनवर विचारा. मी एकदा पुण्याहून पहाटेच्या गाडीने गेले आणि ग्रंथालय वार्षिक मोजणीसाठी बंद होतं.

घरबसल्या फुकट मिळणारं इतकं आहे की त्याचाच आधी फडशा पाडा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपले शेकडो जुने कॅटलॉग महाजालावर वाचायला ठेवले आहेत. गेटी संस्थेनेही ठेवले आहेत. व्हॅन गॉगची उपलब्ध सगळी पत्रं, त्याला आलेली धरून 902, टिपांसह आणि मूळ कागदाच्या छायाचित्रांसह इंग्रजीत वाचता येतात. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने बडोद्याच्या चित्रकारांचे कागद, छायाचित्रं, कात्रणं डिजिटल केली आहेत.

जुन्या पुस्तकांसाठी मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल. तिथे दोन गोष्टी सांभाळा. एक, प्लेटा, म्हणजे चित्रांची पानं, मोजा. रंगीत पानं फ्रेम करायला कापून घेतलेली पुस्तकं मी अनेकदा पाहिली आहेत. चित्रांच्या यादीत 48 लिहिलं असेल तर 48 मोजून बघा, लाजू नका. दोन, चकचकीत कागदाला ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात आणि उघडताना चित्राचा पापुद्रा निघतो. मधली पानं उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

ऑनलाइन खरेदीतला सापळा वेगळा आहे. प्रसिद्ध जुन्या पुस्तकाचं नाव, नवं मुखपृष्ठ, किंमत चारशे रुपये. घरी येतं ते स्कॅन करून मागणीप्रमाणे छापलेलं पुस्तक, आणि त्यात चित्रं म्हणजे काळे डाग. पानांचा नमुना दाखवत नसतील तर घेऊ नका. पुस्तकाचं माप आणि पानांची संख्याही बघा. मोठ्या आकाराच्या मूळ ग्रंथाची तळहाताएवढी प्रत कुणी विकत असेल तर चित्रं बघायची आशा सोडा.

9. आता दोन विकत घ्या

एकाच चित्रकारावरची दोन पुस्तकं, वेगवेगळ्या काळातली, शक्यतो एकमेकांशी न पटणारी. रवि वर्म्यांचंच घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅवेल, भगिनी निवेदिता, आनंद कुमारस्वामी या कलेवर लिहिणाऱ्यांनी त्यांच्या कामावर कडक टीका केली. पाश्चात्त्य धाटणीत भारतीय पुराणकथा बसत नाहीत, असा सूर होता. त्या मताची छाया पुढची कित्येक दशकं पुस्तकांवर राहिली. 1993 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ए. रामचंद्रन आणि रूपिका चावला यांनी रचलेलं प्रदर्शन झालं, आणि त्यानंतरच्या लेखनाचा सूर बराच बदलला. चित्रं तीच आहेत. 1950 च्या आसपासचं एक आणि 1993 नंतरचं एक पुस्तक शेजारी ठेवून एकाच चित्रावरचे दोन परिच्छेद वाचा आणि वहीत समोरासमोर उतरवा. परीक्षेत किंवा निबंधात तुमचं स्वतःचं म्हणणं याच फटीतून उगवतं.

तिसरं पुस्तक लगेच घेऊ नका. या दोघांच्या संदर्भसूचीत जे नाव दोनदा-तीनदा येतं तेच तिसरं.

10. पुस्तक घेऊन चित्रासमोर जा

रवि वर्मा आणि अमृता शेरगिल या दोघांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा ठरलेली असल्यामुळे देशातली चित्रं परदेशात विकता येत नाहीत. ती इथेच आहेत. रवि वर्मा बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आणि तिरुवनंतपुरमला राजा रवि वर्मा कलादालनात, अमृता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. मुंबई-पुण्याहून बडोदा एका रात्रीच्या गाडीचं अंतर आहे.

जाण्याआधी तीन-चारच चित्रं निवडा आणि पुस्तकातली त्यांची पानं झेरॉक्स करून न्या. जाड ग्रंथ दारातच ठेवायला लावतात. चित्रासमोर आधी दहा मिनिटं काहीही न वाचता बघा. मग झेरॉक्स काढून पुस्तकातल्या छपाईशी ताडा: कुठला रंग छपाईत मेला, कुठली काठाची पट्टी कापली गेली, कुठे ब्रशचा जाड फटकारा सपाट दिसला. सगळं झेरॉक्सवरच पेन्सिलीने लिहा. घरी आल्यावर तो कागद पुस्तकात त्याच पानाला जोडून ठेवा. पिन लावू नका, गंजते.